न उडालेल्या गोळ्या

१

फौजदार कानिफनाथ गर्जे यांची पूजा रोज सकाळी चहानंतर चाले आणि तिच्यात देव नसे. पलंगावर आदल्या दिवशीचा पेपर पसरायचा, करदोट्याला बांधलेल्या किल्लीनं लोखंडी कपाट उघडायचं, वरच्या फळीवरून रिव्हॉल्वर उतरवायचं आणि पेपरवर ठेवून मऊ फडक्यानं पुसायचं. मग त्याचं चक्र बाजूला काढून गोळ्या एकेक करून तळहातावर घ्यायच्या, बघायच्या आणि परत भरायच्या. चक्रात जागा सहा गोळ्यांची. गर्जे भरत पाचच. सहावं चेंबर रिकामं ठेवायचं आणि तेच बरोबर घोड्याखाली, म्हणजे मागून गोळीवर आपटणाऱ्या हातोडीखाली, आणायचं. म्हणजे हत्यार हातातून निसटलं, घोड्याला धक्का बसला, तरी त्याच्याखाली गोळीच नाही. ही जुन्या लोकांची रीत. गर्जे शिपाई होते तेव्हा एका म्हाताऱ्या फौजदारानं ती त्यांना दाखवली होती. आता ते स्वतः फौजदार होऊन निवृत्तीला टेकले होते, तरी रीत मोडली नव्हती.

"झाली का आरती?" त्यांची बायको मनकर्णा आतून विचारी.

"झाली."

"परसाद काय वाटायचा न्हाई ना कुनाला?"

"आजवर वाटला न्हाई. आता जाता जाता कशाला वाटू?"

हे खरं होतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत गर्ज्यांनी माणसावर एकदाही गोळी झाडली नव्हती आणि याचा त्यांना मनातून अभिमान होता. तो ते कुणाला बोलून दाखवत नसत, कारण खात्यात अशा गोष्टीला शौर्य म्हणत नाहीत.

जिल्ह्यात आता सगळ्यांच्या कमरेला पिस्तुलं आली होती. रिव्हॉल्वर उरलं होतं ते गर्ज्यांसारख्या दोघातिघांकडं, आणि तेही मुख्यालयात जमा करा असा निरोप दोनदा येऊन गेला होता. गर्जे आज-उद्या करत होते. पाथर्डीच्या पुढं एका फाट्यावर त्यांची पोलीस चौकी होती. तिथं त्यांच्या हाताखाली सुकन्या नावाची एक तरुण शिपाई होती. ती म्हणे, "साहेब, तुमचं हत्यार बगून चोर पळायचा न्हाई, फोटू काढंल."

गर्जे हसत. "पिस्तूल म्हंजे झाकली मूठ, पोरी. आत काय हाय त्ये धरनाऱ्यालाबी दिसत न्हाई. ह्येचं तसं न्हाई. मागून बगितलं की गोळ्यांची बुडं दिसत्यात. जे हाय त्ये डोळ्यांम्होरं."

चौकीमागंच त्यांचं क्वार्टर होतं. पुढं ओटा, मग पलंग आणि कपाटाची खोली, तिच्यामागं स्वयंपाकघर. संपलं. दिवाळी झाली की निम्मा गाव कोयते घेऊन ऊसतोडीला निघून जाई आणि दुपारी इतकं सामसूम होई की पलीकडच्या वस्तीवरची शेळी ओरडली तरी माणूस मान वर करून बघे. येत्या मेअखेर गर्जे सुटणार होते. मढीजवळच्या त्यांच्या रानात दोन खोल्या बांधून तयार होत्या. मनकर्णाचा जीव त्या खोल्यांत अडकला होता. "जलमभर सरकारच्या भितीत खिळा ठोकायचा तर इचारावं लागलं," ती म्हणे. "आता माज्या भितीत मला पायजे तितकं ठोकीन." गर्ज्यांना तिचं हे बोलणं फार आवडे. बदल्यांच्या पायी तिला त्यांनी गावोगाव फिरवलं होतं आणि तिनं एका शब्दानं कुरकुर केली नव्हती. तिला तिच्या भिंती मिळाल्या की मग आपलं काही झालं तरी चालेल, असं ते मनाशी म्हणत.

२

कार्तिकातली एक सकाळ. गर्ज्यांनी पेपर पसरला, कपाट उघडलं, रिव्हॉल्वर हातात घेतलं आणि चक्र बाजूला काढायच्या आधीच त्यांचा अंगठा थांबला. घोड्याखाली गोळीचं पितळी बूड दिसत होतं. रिकामं चेंबर एक जागा पुढं सरकलं होतं.

त्यांनी ती गोळी काढून उजेडात धरली. गोळीच्या बुडाच्या मधोमध एक तांबूस टिकली असते. घोडा तिच्यावर आपटला की आतली दारू पेटते आणि गोळी उडते. या गोळीच्या टिकलीवर मोहरीएवढा खळगा पडला होता.

म्हणजे कुणीतरी चाप ओढला होता. चक्र फिरलं होतं, घोडा पडला होता आणि गोळी उडाली नव्हती.

"मनकर्णे, कपाटाला हात लावलातास का?"

"किल्ली तुमच्या कमरंला. ह्या वयात तुमच्या कमरंला हात घालीत बसू व्हय मी?"

गर्ज्यांना हसू आलं, पण पुरतं आलं नाही. तरी शहाण्या माणसाजवळ प्रत्येक गोष्टीला कारण असतं. सरावाच्या वेळी कधीतरी ही गोळी फुसकी निघाली असेल, ती आपण विसरून परत भरली असेल, चक्राची खीळ झिजून ते आपोआप सरकलं असेल. वय झालं होतं हत्याराचं आणि त्यांचंही. त्यांनी ती गोळी तपकिरीच्या रिकाम्या डबीत टाकली, तिच्या जागी दुसरी भरली, रिकामं चेंबर पुन्हा घोड्याखाली आणलं आणि मूठ आपल्या हाताकडं, नळी मागच्या पत्र्याकडं अशी नेहमीच्या पद्धतीनं ते फळीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा घोड्याखाली गोळी होती. तिच्यावर तसाच खळगा. आणि रिव्हॉल्वर फळीवर आडवं झालं होतं, नळी स्वयंपाकघराच्या भिंतीकडं. आपणच घाईत तसं ठेवलं असेल, असं गर्जे म्हणाले. ते हे मोठ्यानं म्हणाले, एकटे असून. मग त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटली.

त्या दिवसापासून ते दुपारच्या झोपेनंतरही कपाट उघडून बघू लागले. सकाळी सगळं जागच्या जागी असे. जे व्हायचं ते दुपारी होई, जेवणानंतर, गाव निजल्यावर.

३

परक्याच्या घरात शिरल्यावर 'घरात कोण कोण असतं?' हा पोलिसाचा पहिला प्रश्न असतो. तो गर्ज्यांनी आता स्वतःच्या घराला विचारला. उत्तर अवघड नव्हतं. मुलगा आणि सून पुण्याला. घरात ते आणि मनकर्णा.

त्यांनी आधी स्वतःवर संशय घेतला, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच झालं. झोपेत माणसं चालतात, दारं उघडतात, विहिरीपर्यंत जाऊन येतात. त्यांनी करदोट्याची किल्ली सोडून मनकर्णाच्या हातात दिली. "ही तुज्याजवळ ठेव. दुपारी मी मागितली तरी देऊ नको."

"का हो?"

"नगं इचारू."

तिनं विचारलं नाही. किल्ली मंगळसूत्रात ओवून घेतली आणि सूप घेऊन ओट्याच्या उंबऱ्यात तुरी निवडायला बसली. गर्जे पलंगावर आडवे झाले. झोप लागणार नाही असं त्यांना वाटलं होतं, पण लागली, आणि गाढ लागली. जागे झाले तेव्हा ती तिथंच होती. त्यांनी किल्ली मागून घेतली आणि कपाट उघडलं.

घोडा गोळीवर होता. खळगा होता.

क्षणभर, अगदी क्षणभर, गर्ज्यांनी आपल्या बायकोकडं पोलिसाच्या नजरेनं पाहिलं. तिला ते कळलं. इतक्या वर्षांच्या संसारात काय कळायचं राहतं?

"माज्याकडं असं बगू नका," ती सूप खाली ठेवून म्हणाली. "मी जागची हाललेबी न्हाई. हितं बसून तुमच्याकडंच ध्यान ठिवलं हुतं. तुमी कूससुदिक बदलली न्हाई."

"म्हंजे तुलाबी माजाच संशेव आल्ता?"

"मग कुनाचा घ्यायचा? घरात तिसरं हाय कोन?"

गर्जे कपाटाकडं वळले, आणि तेव्हा त्यांना नळी दिसली. सकाळी त्यांनी ती मागच्या पत्र्याकडं करून ठेवली होती. आता ती पुढं रोखलेली होती. त्यांनी नळीच्या रेषेत नजर नेली, पलंगावरून, दारातून, उंबऱ्यापर्यंत. रेषेच्या शेवटाला मनकर्णा बसली होती. ती पुन्हा सुपावर वाकली होती आणि तिच्या केसांतला भांग उन्हात पांढरा दिसत होता.

आणि काल, परवा नळी स्वयंपाकघराच्या भिंतीकडं होती. त्या भिंतीपलीकडं तिची मोरी. जेवणानंतर रोज ती तिथंच बसून भांडी घासायची.

बाजारात, जत्रेत, दंगलीत त्यांना पुष्कळदा भीती वाटली होती. ती भीती स्वतःच्या कातडीची होती आणि तिला हातपाय हलवता येत होते. ही भीती दुसऱ्याच्या जिवाची होती आणि तिला काही करता येत नव्हतं. त्यांनी कपाट लावलं आणि बाहेर जाऊन बायकोशेजारी उंबऱ्यात बसले.

"मनकर्णे, थोडं दीस पोराकडं जाऊन येतीस का पुन्याला?"

"आन् तुमाला भाकरी कोन घालंल? सुकन्या?"

"खानावळ हाय की फाट्यावर."

"खानावळीचं खाऊन तुमचं प्वाट बिगडतं. गप बसा," ती म्हणाली आणि सुपातला एक खडा काढून अंगणात फेकला.

४

मग त्यांनी सगळ्या गोळ्या काढल्या. हे आधीच का सुचलं नाही, म्हणून स्वतःला दोष दिला. गोळ्या चौकीतल्या टेबलाच्या खणात घालून कुलूप लावलं, रिकामं रिव्हॉल्वर फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं आणि किल्ली पुन्हा करदोट्याला बांधली. रिकामं हत्यार म्हणजे लोखंडाचा तुकडा. आता येऊ दे कोण येतंय ते.

त्या दुपारी दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर जेवायला बसली होती. पिठलं होतं, बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. मनकर्णा मढीच्या खोल्यांबद्दल सांगत होती. देवळी कुठं काढायची, पाण्याचा माठ कुठं ठेवायचा. गर्जे हुं हुं करत होते. त्यांना बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.

पुढच्या खोलीतून आवाज आला. टक्.

मनकर्णा बोलायची थांबली. गर्ज्यांचा घास हातात राहिला. आवाज मोठा नव्हता. कुणी नखानं पितळेच्या भांड्यावर टिचकी मारावी, तेवढाच. पण गर्ज्यांनी तो आवाज आयुष्यभर ऐकला होता. रिकाम्या चेंबरवर घोडा पडल्याचा आवाज.

टक्.

दोन आवाजांच्या मध्ये एवढी जागा होती, की माणसाला वाटावं, संपलं. मग पुन्हा. त्यात घाई नव्हती. राग नव्हता. एखादा धीराचा माणूस कुलपाला किल्ल्या लावून बघतो, ही नाही लागली, पुढची बघू, तसं ते चाललं होतं. चक्र पुरतं फिरलं आणि मग घर शांत झालं. बाहेर डांबरीवरून उसाचा रिकामा ट्रॅक्टर खडखडत गेला.

गर्ज्यांचं लक्ष गेलं तेव्हा मनकर्णानं त्यांचं मनगट धरलेलं होतं, ठेच्यानं माखलेल्या हातानं. दोघं एकमेकांसमोर होती. किल्ली कमरेला होती. आता कुणी कुणाचा संशय घ्यायची गरज उरली नव्हती आणि या विचारानं गर्ज्यांना आधी बरं वाटलं. मग तो विचार पुरता कळला आणि बरं वाटणं गेलं.

ते उठले, हात न धुता कपाट उघडलं. फडकं जसं गुंडाळलं होतं तसंच होतं, गाठीसकट. त्यांनी ते सोडलं. नळी गार होती, मूठ गार होती. चाप मात्र कोमट होता. कुणाचं तरी बोट आत्ताच त्यावरून निघालं असावं इतका.

"उद्या नगरला जा," मनकर्णा मागं उभी राहून म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता. "देऊन टाका त्ये. मी आजवर तुमच्या कामात बोलले न्हाई. आता बोलते. जे काय येतंय त्ये त्याच्यामागं येतंय. त्ये घरातनं गेलं की जाईल."

गर्ज्यांनी मान हलवली. ज्या हत्यारासाठी त्यांनी वरिष्ठांचे दोन निरोप कानाआड केले होते, ते सोडायला त्यांना एका श्वासाइतकाही विचार करावा लागला नाही. मनकर्णापुढं रिव्हॉल्वरची काय मातब्बरी!

५

स्टँडवर पाटी अहिल्यानगरची होती आणि कंडक्टर "चला नगर, नगर उतरा" म्हणत होता. मुख्यालयात हत्यारं दुरुस्त करणारा श्रीमंत बोठे गर्ज्यांच्या ओळखीचा होता. जाडजूड, गप्पिष्ट माणूस.

"आलं का शेवटी म्हातारं!" तो रिव्हॉल्वर हातात घेऊन म्हणाला. "साहेब, मला वाटलं तुमी ह्याला संगं घेऊनच रिटायर व्हनार."

गर्ज्यांनी त्याला फार काही सांगितलं नाही. गोळ्या उडत नाहीत, एवढंच सांगितलं आणि तपकिरीची डबी टेबलावर उपडी केली. बोठेनं गोळ्या एकेक करून चिमटीत धरून पाहिल्या. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"घोडा तर चांगला जोरात पडलाय. असा पडल्यावर उडायलाच पायजे. चला, बगूच."

मागच्या बाजूला वाळूच्या गोण्या रचून चाचणीची जागा केलेली होती. बोठेनं त्याच पाच गोळ्या त्याच रिव्हॉल्वरमध्ये भरल्या, हात लांब केला आणि चाप ओढला. धडाड. कावळे उडाले. पुन्हा ओढला. पाचही गोळ्या उडाल्या, एकही चुकली नाही. गोण्यांतून वाळू गळायला लागली.

"हत्यारबी झ्याक, गोळ्याबी झ्याक," बोठे नळीतला धूर फुंकत म्हणाला. "तुमच्या घरी उडाल्या न्हाईत म्हनता ना? मग त्याचं मनच नसंल, साहेब." आणि आपल्याच विनोदावर तो खूप हसला.

गर्जेही हसले. त्यांना तिथून लवकर निघायचं होतं. सह्या झाल्या, रिव्हॉल्वर एका लाकडी पेटीत इतर जुन्या हत्यारांवर जाऊन पडलं. म्हातारा बैल बाजारात सोडून येताना शेतकरी मागं वळून बघत नाही, तसे गर्जे पेटीकडं न बघता वळले.

बोठेनं त्यांच्या हातात काळं, चपटं पिस्तूल दिलं आणि त्याची वरची सरक मागं ओढून सोडली. खर्र, खटाक. "ही मागं वढल्याबिगर गोळी आत जात न्हाई. खाली मॅगझिन भरलेलं असू द्या, पर सरक वढली न्हाई तवर ह्ये नुसतं लाकूड."

गर्ज्यांना हे पटलं. म्हणजे इथंही घोड्याखालचं रिकामंच. पद्धत निराळी, रीत तीच. दुसऱ्या दिवशी पाथर्डीत मोर्च्याचा बंदोबस्त होता, म्हणून मॅगझिन भरलेलंच घ्यावं लागलं. पण आत गोळी नाही याची त्यांनी दोनदा खात्री करून घेतली. परतीच्या एसटीत त्यांना खिडकीशी जागा मिळाली. करंजीचा घाट उतरताना त्यांचा डोळा लागला, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्यांना साधी, हलकी झोप आली.

६

ते घरी पोचले तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. मनकर्णा थांबली होती.

"दिलं?"

"दिलं."

"सुंठीवाचून खोकला गेला," ती म्हणाली आणि तिचा चेहरा असा मोकळा झाला, की गर्ज्यांना तिला लग्नात पाहिल्याची आठवण झाली. "हात-पाय धुवा. गरम भाकरी टाकते."

त्यांनी पिस्तूल कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली करदोट्याला बांधली. ओट्याच्या कडेला बादली होती, तिथं उभे राहून ते पायांवर पाणी घ्यायला लागले. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. ऊन अंगणात पसरलं होतं. पलीकडच्या वस्तीवर कुणी नव्हतं. सगळं ठीक होतं, आणि गर्जे एका पायावरचं पाणी दुसऱ्या पायानं निपटत असताना त्यांना बोठेचं बोलणं आठवलं.

मनच नसंल.

ते तसेच उभे राहिले. पोलिसाचं डोकं एकदा चालायला लागलं की थांबवता येत नाही. हत्यार चांगलं होतं. गोळ्या चांगल्या होत्या. नगरला पाच वेळा चाप ओढला आणि पाच वेळा बार झाला. या घरात त्याच चापावर, त्याच गोळ्यांवर, मनकर्णाकडं नळी रोखून रोज कुणीतरी बोट दाबलं होतं, आणि रोज रिव्हॉल्वर गप्प राहिलं होतं. पाच वेळा त्यानं ऐकलं नव्हतं. ज्याचा त्यांनी पिच्छा पुरवायचा, ते बोट होतं. त्यांनी जमा केलं होतं ते मात्र नाही म्हणणारं हत्यार. चोर सोडून संन्याशाला सुळावर चढवलं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या हातून होणाऱ्या ज्या चुकीला ते हसले, ती त्यांच्या हातून झाली होती, आणि कुणाच्या घरात तर मनकर्णाच्या.

बोट कुठंही गेलेलं नव्हतं. आणि पिस्तूल कालचं पोर, त्याला या घराचं काय?

गर्जे ओल्या पायांनी आत आले. ओरडावं असं त्यांना वाटलं नाही. ओरडलं की ती उठेल, काय झालं म्हणून याच खोलीत येईल.

कपाट बंद होतं. कुलूप होतं. पण पलंगावर पेपर पसरलेला होता. सकाळी नगरला निघायच्या घाईत त्यांनी तो पसरला नव्हता. पेपरच्या कडेला गादी दबलेली होती, माणूस बसल्यावर दबते तशी, एक मांडी पलंगावर घेऊन, दुसरा पाय खाली सोडून. गर्जे रोज असेच बसत. पण ते कपाटाकडं तोंड करून बसत. ही बैठक स्वयंपाकघराच्या दाराकडं तोंड करून होती. तिथं काहीही दिसत नव्हतं. फक्त गादीचा खळगा आणि त्यात श्वासागणिक होणारी थोडीशी हालचाल.

दाराच्या आत मनकर्णा पाठमोरी बसली होती. तवा तापला होता. ती काहीतरी गुणगुणत होती.

गर्ज्यांनी पलंगाला वळसा घातला. भिंतीला धरून, आवाज न करता, लग्नघरात निजलेल्या पाहुण्यांमधून जातात तसे. स्वयंपाकघराच्या दारात पोचले आणि वळले. मनकर्णा त्यांच्या पाठीशी आली, पलंग समोर. दोन्ही हात त्यांनी चौकटीला लावले. त्यांच्या लक्षात आलं, की मन शांत आहे. इतकं शांत ते कधीच नव्हतं. एवढी वर्षं कमरेला हत्यार बांधून ते कुणाकुणाच्या दारात उभे राहिले होते. आज पहिल्यांदा स्वतःच्या दारात उभे होते आणि हात रिकामे होते.

समोरून आवाज आला. कपाटातून नाही, पलंगावरून. आजच शिकलेला आवाज होता तो. खर्र. मग थोडी जागा. मग खटाक.

"दारात काय हुबं ऱ्हायलात?" मागून मनकर्णा म्हणाली. "सरा की जरा. उजेड आडतोय."

"आडू दे," गर्जे म्हणाले.